तळ खरवडणारे

सॅन डिएगोच्या एका क्लबाची प्रवेशपरीक्षा पाण्याखाली होत असे. एका दमात सुमारे तीस फूट खाली जायचं आणि खडकाला घट्ट बसलेले तीन अ‍ॅबलोन शिंपले उचकटून आणायचे. एकाच बुडीत दोन शेवंड धरायचे. शिवाय एक मुशी नुसत्या हातांनी, शेपटीला पकडून वर आणायची. ही मुशी तशी लहान, तळाशी पडून राहणारी. पण तिच्या पाठीवर काटे असतात आणि ती राजीखुशीनं कोणाबरोबर येत नाही.

क्लबचं नाव ‘बॉटम स्क्रॅचर्स’, म्हणजे तळ खरवडणारे. ग्लेन ऑर, जॅक प्रोडानोविच आणि बेन स्टोन यांनी १९३३ मध्ये तो काढला. दिवस महामंदीचे होते, त्यामुळे पाण्यातून आलेलं घरच्या चुलीवर लगेच चढे. हौस आणि रोजचं जेवण यांत फारसं अंतर नव्हतं. पुढे कित्येक वर्षांत मिळून या क्लबानं अवघे एकोणीस सदस्य घेतले. त्यांतल्या लामार बोरेननं ‘सी हंट’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी पाण्याखाली कॅमेरा चालवला, तर जिम स्टुअर्ट जवळच्याच स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेचा मुख्य पाणबुडी अधिकारी झाला.

सुरुवातीला बाजारात काहीच तयार मिळत नव्हतं. प्रोडानोविच एका शाळेत देखभालीचं काम करी. तो आणि वॉली पॉट्स यांनी मुखवटे, भाले, भाला सोडणाऱ्या बंदुका घडवल्या, मोडल्या, पुन्हा घडवल्या. पाणी मात्र गारच राहिलं. बुडीच्या रबरी पोशाखाची कल्पना ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाला सुचायला १९५०चं दशक उजाडलं. तोवर लोकरी स्वेटर घालून पाण्यात उतरायचं आणि वर येऊन शेकोटीला चिकटायचं, एवढाच इलाज होता.

त्यांचं रान म्हणजे केल्प. हे झाड नव्हे, तपकिरी शैवाल आहे. त्याला मुळं नसतात. खडकाला घट्ट विळखा घालणाऱ्या बोटांसारख्या तंतूंवर ते उभं राहतं. प्रत्येक पात्याच्या बुडाशी हवेचा फुगा असतो आणि हे हजारो फुगे त्याला वर तोलून धरतात. परिस्थिती अनुकूल असेल तर महाकाय केल्प दिवसाला दोन फुटांपर्यंत वाढतं. पृष्ठभागावर पोचलं तरी ते थांबत नाही, आडवं पसरून छप्पर घालतं. त्याला थंड पाणी लागतं, म्हणून कोकणच्या कोमट समुद्रात ते तग धरणार नाही. सॅन डिएगोत १९२९ पासून ‘केल्को’ कंपनी बोटींनी हे छप्पर कापून नेत असे. त्यातल्या अल्जिनचा उपयोग आइस्क्रीम दाट आणि मऊ ठेवण्यासाठी होई.

आजही पहाटे दोघं-तिघं मित्र लहान बोटीतून या रानाच्या काठाशी येतात. आत घुसायचं नाही, कारण पाती पंख्याला गुंडाळली की इंजिन बसतं. नांगर कडेला टाकायचा, बुडीचा झेंडा उभारायचा. बंदूक बोटीत कधीच ताणायची नाही. रबरी पट्टे पाण्यात उतरल्यावरच मागे ओढून अडकवायचे. बंदुकीला लांब दोरी, दोरीच्या टोकाला तरंगणारा फुगा. मोठा मासा भाला घेऊन पळालाच तर त्यानं माणसाऐवजी फुगा ओढावा.

मग सुरू होतं गप्प राहणं. पायांत घातलेल्या परांचा एक फटका पाण्यावर आपटला तर आसपासचे मासे पांगतात. पातीत अडकलं तर झटापट करायची नाही. जितकं वळवळावं तितका गुंता वाढतो. एकेक देठ हातात घेऊन कांडी मोडावी तसा मोडला की तो तुटतो. वर येताना एक हात डोक्यावर धरून छप्पर बाजूला सारायचं. ही सगळी कामं सावकाश करावी लागतात आणि छातीतली हवा तर संपत आलेली असते.

खरा धोका तळाशी नसून परतीच्या शेवटच्या टप्प्यात आहे. दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागावरच्या हवेच्या दुप्पट असतो आणि फुप्फुसं आकसून निम्मी होतात. त्या दाबामुळेच उरलेला प्राणवायू रक्ताला पुरतो. वर येताना दाब उतरतो, प्राणवायूचा जोर एकदम खाली येतो आणि माणूस कसलीही चाहूल न लागता बेशुद्ध होतो. कधी कधी तर नाक पाण्याबाहेर काढल्यावरसुद्धा. म्हणून नियम असा: एक खाली, एक वर. वर असलेल्यानं मासे बघायचे नाहीत, मित्र बघायचा. तो वर आल्यावरही निदान अर्धा मिनिट नजर हलवायची नाही. अनेक नवखे इथेच चुकतात. दोघंही एकाच वेळी बुडी मारतात आणि त्याला जोडी म्हणतात.

ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो बहुतेक वेळा ‘व्हाइट सीबास’ असतो. नावावर जाऊ नये. हा आपल्या घोळ आणि ढोम्याच्या कुळातला. त्या कुळाप्रमाणे हाही पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायूंनी थाप मारून घुमतो, आणि दिसण्याआधी तो कधी कधी ऐकू येतो. सावलीसारखा येतो, बिचकला की तसाच विरतो. पकडलेला मासा किमान २८ इंच भरला पाहिजे. रोज तीन चालतात, पण १५ मार्च ते १५ जून या काळात एकच. गळवाल्याला लहान मासा सोडून देता येतो. भालेवाल्याला ही सोय नाही, त्यानं मारण्याआधीच मापायचं.

तळ खरवडणाऱ्यांच्या काळात मापायची फिकीर कमी होती. त्यांची मानाची शिकार म्हणजे ‘ब्लॅक सीबास’, सात फुटांपर्यंत वाढणारा. पंचाहत्तर वर्षांच्या आसपास जगू शकणारा हा मासा संथ आणि चौकस, माणसाकडे स्वतःहून येणारा. खरी नासधूस भालेवाल्यांच्या कितीतरी आधी व्यापारी मासेमारीनं सुरू केली होती, पण भालेवाल्यांनीही हात राखला नाही. या माशाला सर्वांत जवळून ओळखणारी आणि त्याला मारणारी माणसं एकच होती, हे या क्लबाचं कौतुक करताना विसरता येत नाही. १९८२ पासून कॅलिफोर्नियात त्याच्या शिकारीवर बंदी आहे. परीक्षेतल्या अ‍ॅबलोनचंही तेच झालं: सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला १९९७ पासून, उत्तरेला २०१८ पासून हौशी लोकांना ते काढता येत नाहीत. उत्तरेच्या बंदीआधीच तिथल्या केल्पच्या रानांचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग गेला. २०१३ पासून तारामाशांमध्ये रोगाची साथ आली, मग समुद्राचं पाणी तापलं, आणि त्यांना खाणारे तारामासे उरले नाहीत म्हणून जांभळ्या सागरी अर्चिनांनी केल्प फस्त केलं.

किनाऱ्याजवळची गिल जाळी १९९४ मध्ये बंद झाली. तेव्हापासून ब्लॅक सीबास हळूहळू परततो आहे. बुडी मारलेल्या पोराच्या समोर कधी कधी केल्पच्या उजेड-सावलीतून अचानक माणसाहून मोठं धूड येतं, बंदुकीच्या टोकापाशी थांबून बघत राहतं. पोरगा बंदूक खाली करतो आणि मनगटाचा छोटा कॅमेरा उचलतो. सांता बार्बरा इथल्या विद्यापीठातले संशोधक अशी छायाचित्रं गोळा करतात आणि अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक मासा ओळखतात. तेव्हा दोन्ही बाजूंचे ठिपके हवेत. पण मासा एकाच कुशीवर राहतो, दुसरी बाजू दाखवत नाही, आणि वरचा मित्र घड्याळ बघत असतो.