ग्रंथालय मोबाइलवर आलं, पण पुस्तक मुलाच्या हाती कोण देणार?



पालकसभेत हल्ली हमखास येणारा एक प्रश्न आहे. "सर, आता सगळी पुस्तकं मोबाइलवर फुकट मिळतात म्हणे. मग वाचनालयाची वर्गणी कशाला भरायची?" प्रश्न रास्त आहे. महिन्याचा खर्च मोजून करणाऱ्या घरात तो येणारच. पण त्यात बऱ्याच गोष्टींची सरमिसळ झालेली असते. कोणती पुस्तकं खरोखर फुकट आहेत, ती कोणी ठेवली आहेत, कोणती मिळत नाहीत आणि का, आणि मिळाली तरी मूल ती वाचतं का? आज याच गोष्टी जरा सुट्या करून पाहू.

आधी एक लक्षात घ्या. "ग्रंथालय ऑनलाइन झालं" असं आपण म्हणतो तेव्हा कधी फक्त पुस्तकांची यादी ऑनलाइन झालेली असते, कधी पुस्तकं आणि कधी कार्यक्रम. यादीचं काम सर्वांत नीरस, पण मला ते फार मोलाचं वाटतं. पूर्वी लाकडी कप्प्यांतली कार्डं चाळून पुस्तक शोधावं लागे. आता राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' किंवा 'कोहा' यांसारखी प्रणाली ज्या ग्रंथालयात नीट वापरली जाते, तिथे पुस्तक आहे की बाहेर गेलंय हे घरबसल्या कळू शकतं. दोन बस बदलून येणाऱ्या वाचकाची एक फेरी वाचली, तर ती मोठीच सेवा झाली. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. वाचकाचा वेळ वाचवणं हे त्यांतलं एक आहे.

आता पुस्तकांकडे येऊ. मराठीत खरोखर मोफत आणि कायदेशीर असं बरंच काही आहे, फक्त ते एका जागी नाही. मराठी विश्वकोशाचे वीसही खंड ऑनलाइन वाचता येतात. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्या कामाचा पाया घातला, ते आज तुमच्या खिशात आहे. पण पाचवीच्या मुलाला प्रकल्पासाठी थेट विश्वकोशात सोडू नका. तिथली भाषा जड आहे, मूल दुसऱ्या ओळीला कंटाळतं आणि मग नोंद जशीच्या तशी वहीत उतरवतं. नोंद आधी तुम्ही वाचा, त्यातला एक परिच्छेद निवडा आणि त्यावर दोन प्रश्न विचारा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशनं पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येतात. राज्य मराठी विकास संस्थेनेही जुनी, दुर्मीळ पुस्तकं संगणकावर आणून सर्वांना खुली केली आहेत. ही मुख्यतः आपल्यासारख्या मोठ्यांसाठी, वाचणाऱ्या शिक्षकांसाठी.

मुलांसाठी मी पहिलं नाव घेईन ते 'किशोर'चं. बालभारतीचं हे मासिक १९७१ मध्ये सुरू झालं आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर वाचायला ठेवले आहेत. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाट पाहून वाचलेले अंक तिथे सापडतील. मुलाला "हा अंक वाच" असं सांगण्याऐवजी "मी तुझ्याएवढा होतो तेव्हाचा अंक शोधूया" म्हणा. मग गोष्टीआधी जाहिरातींवर आणि चित्रांवर गप्पा सुरू होतात. तेही वाचनच. परदेशात शनिवार-रविवारी मराठी शाळा चालवणाऱ्या पालकांनाही हा साठा उपयोगी आहे, कारण तिथे मराठी मासिक टपालाने मागवणं महागात पडतं.

अगदी लहानांसाठी प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या व्यासपीठावर मराठीसह अनेक भाषांतल्या सचित्र गोष्टी आहेत. त्या वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीवर पानाला एखाद-दुसरं वाक्य, चौथ्या पातळीवर सलग मजकूर. इथे वर्गाची इयत्ता आणि पुस्तकाची पातळी यांची गल्लत करू नका. चौथीत अडखळत वाचणाऱ्या मुलाच्या हाती पहिल्या पातळीची गोष्ट द्यायला काहीच हरकत नाही, फक्त सगळ्यांसमोर "ही तुझ्यासाठी सोपी" असं म्हणू नका. या गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत. श्रेय देऊन त्या छापता येतात, वाटता येतात, आपल्या बोलीत भाषांतरही करता येतं. शाळेत वाय-फाय असेल तर एकदाच उतरवून घ्या आणि दुपारच्या सुट्टीत पालकांच्या फोनवर पाठवून द्या. मग घरी डेटा संपला म्हणून गोष्ट अडत नाही.

केंद्र सरकारच्या दोन सोयींची नावं सारखी असल्याने गोंधळ होतो. आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये देशाला अर्पण झालं. ते स्वतः पुस्तकं ठेवण्यापेक्षा ठिकठिकाणच्या साठ्यांत एकत्र शोध घेऊन देतं, म्हणून कधीकधी नाव सापडतं पण पुस्तक उघडत नाही. मोठ्या वर्गांतल्या, स्पर्धापरीक्षा देणाऱ्या मुलांना ते जास्त कामाचं. दुसरं म्हणजे राष्ट्रीय बाल न्यासाचं... नाही, नॅशनल बुक ट्रस्टचं (नाव घेताना लोक असाच घोटाळा करतात!) 'राष्ट्रीय ई-पुस्तकालय'. हे मुलांसाठी आणि किशोरवयीनांसाठी आहे. त्यात अभ्यासाबाहेरची पुस्तकं ३ ते ८, ८ ते ११, ११ ते १४ आणि १४ ते १८ अशा वयोगटांत लावलेली आहेत.

"मग फास्टर फेणे का नाही मिळत?"

हा प्रश्न मुलं विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरचं नवं वर्ष सुरू झालं की तिथून ६० वर्षं त्याच्या लेखनावर हक्क राहतो. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. म्हणजे १९५१ पासून मोजलं तर हक्क २०१० अखेर संपला. म्हणूनच 'श्यामची आई' आज कोणीही मोफत उपलब्ध करून देऊ शकतो. भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले. त्यांचा बनेश फेणे २०६१ अखेरपर्यंत हक्काच्या कक्षेत आहे. तो वाचायचा तर पुस्तक विकत घ्या किंवा वाचनालयातून आणा. सहावी-सातवीच्या वर्गात ही वजाबाकी फळ्यावर करून घ्या. गणितही होतं आणि समजही येते. एक बारकावा ध्यानात ठेवा, जुन्या मजकुराच्या नव्या आवृत्तीतली चित्रं आणि प्रस्तावना नव्या माणसांची असतात, त्यांचा हक्क वेगळा. त्यामुळे परवा छापलेली आवृत्ती स्कॅन करून टाकणं योग्य नाही.

पालकांच्या गटांवर "२०० मराठी पुस्तकं, पटकन डाउनलोड करा, पुढे पाठवा" असे संदेश फिरतात. त्यांतली बरीच पुस्तकं हयात लेखकांची असतात. मराठी बालसाहित्याची आवृत्ती मुळात लहान, त्यावर चित्रकार, लेखक, मुद्रक सगळे अवलंबून. ही चोरी आहे एवढं तर आहेच. पण मला दुसरीही गोष्ट खटकते. दोनशे पुस्तकं फोनमध्ये पडली की घरात समाधान पसरतं, "झाली सोय". आणि मूल त्यांतलं एकही उघडत नाही. गठ्ठा टाकणं म्हणजे पुस्तक देणं नव्हे.

एका सेवेबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण ती फारच थोड्या शिक्षकांना ठाऊक असते. ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही अशांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्ये सुरू झालं. यात फक्त दृष्टिहीन मुलं येत नाहीत. हाताने पुस्तक धरता येत नाही अशी मुलं आणि डिस्लेक्सियामुळे अक्षरं जुळवता येत नाहीत अशी मुलंही येतात. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कायद्यात यासाठी सूट आहे. अशा वाचकांकरिता पुस्तक सुलभ स्वरूपात आणायला प्रत्येक वेळी लेखकाची परवानगी लागत नाही. म्हणजे जे पुस्तक तुमच्या-माझ्यासाठी मोफत नाही, ते या मुलाला कायदेशीरपणे मिळू शकतं. आपल्या वर्गात "वाचनात कच्चा" असा शिक्का बसलेला एखादा मुलगा असतो. गोष्ट ऐकवली तर सगळ्यांत अचूक उत्तरं तोच देतो, पुस्तक उघडलं की गप्प होतो. त्याची तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या. प्रमाणपत्र हाती आलं की सदस्यत्वासाठी पालकांना मदत करा. अर्ज भरताना पालक बिचकतात, शेजारी बसून भरून द्या.

आता कार्यक्रमांकडे वळू. २०२० च्या मार्चनंतर जगभरच्या ग्रंथालयांनी गोष्टीचा तास पडद्यावर आणला. आपल्याकडेही अनेकांनी प्रयत्न केले. बरेच कार्यक्रम मागे पडले याचं कारण साधं होतं, घरात एक फोन, तो कामावर गेलेल्या वडिलांकडे आणि नेटवर्क गच्चीवर. म्हणून मला टोरोंटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाची 'डायल-अ-स्टोरी' ही सेवा आवडते. ठरलेल्या क्रमांकावर फोन लावायचा, भाषा निवडायची आणि गोष्ट ऐकायची. स्मार्टफोन नको, इंटरनेट नको. आजीच्या बटणाच्या फोनवरूनही चालतं.

आपण याची गावठी आवृत्ती सहज करू शकतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी पाच-सात मिनिटांचं ध्वनिमुद्रण पालकांच्या गटावर टाकायचं. वेळ पाळा, कारण मुलं वाट पाहतात ती वेळेची. गोष्ट हक्क संपलेली किंवा खुल्या परवान्याची निवडा, म्हणजे निर्धास्त राहाल. वर्गात शिकवताना पुस्तक वाचून दाखवणं वेगळं आणि हयात लेखकाचं अख्खं पुस्तक वाचून यूट्यूबवर चढवणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला परवानगी लागतेच. आवाज गोड हवा असं काही नाही. भांड्यांचा आवाज आला तरी चालतो. गोष्ट मात्र उत्कंठेच्या जागी तोडा आणि सांगा, "पुढचं शाळेच्या कपाटातल्या पुस्तकात आहे." ज्या गोष्टीची छापील प्रत कपाटात आहे तीच निवडायची, ही खरी मेख. दुसऱ्या दिवशी कपाटापुढे किती जण येतात ते पाहा.

आणि वर्गणीचा प्रश्न? महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली 'अ' ते 'ड' अशा वर्गांतली हजारो मान्यताप्राप्त ग्रंथालयं शासनाच्या अनुदानावर चालतात. बहुतेक ठिकाणी ती स्थानिक मंडळांनी उभी केलेली आहेत. पुस्तकं, वाचक, उघडं राहण्याचे तास या सगळ्यांवर त्यांचा वर्ग ठरतो. आपण जाणं सोडलं, तर आधी बालविभागाची खरेदी थांबते, मग वेळ कमी होते आणि शेवटी फक्त वर्तमानपत्रं उरतात. विश्वकोश आणि 'किशोर' फोनवर आले म्हणून ग्रंथपालाचं काम संपत नाही. उलट वाढतं. "सर, क्रिकेटवरचं झालं, आता काय देऊ?" या प्रश्नाला यंत्र दहा हजार उत्तरं देतं, मुलाला एकच हवं असतं.

म्हणून तुमच्या गावच्या ग्रंथपालांना एकदा शाळेत बोलवा. त्यांच्याकडे या मोफत साठ्यांची माहिती नसेल तर तुम्ही द्या. तुमच्याकडे छापील पुस्तकांची नसेल तर त्यांच्याकडून घ्या. आमच्या वर्गात एक साधी देवघेव वही आहे. तिच्यात छापील पुस्तकं आणि फोनवरच्या गोष्टी एकाच रकान्यात लिहितो, तारीख, नाव, गोष्ट. शेवटच्या रकान्यात मुलाने एक ओळ लिहायची. "आवडली" हा शब्द चालत नाही, एवढाच नियम. त्यामुळे "कुत्रा मेला नसता तर बरं झालं असतं" अशा ओळी येतात. पुढचं पुस्तक कोणतं द्यायचं, ते मी त्या ओळीवरून ठरवतो.