धूळ दिसते, कार्बन दिसत नाही

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर पातलीपाड्याला सिग्नल लागतो. पुढे कंटेनर, बाजूला डंपर, आणि मेट्रोच्या खांबाआडून एक रिक्षा घुसते. रुमाल आपोआप नाकाशी जातो. अशा वेळी कुणी ‘शहराचं कार्बन उत्सर्जन’ म्हटलं की आपण समोरच्या धुरळ्याकडे बोट दाखवतो.

पहिली गल्लत इथेच. धूळ छातीत जाते, पण ती म्हणजे पृथ्वी तापवणारा वायू नव्हे. बांधकामांना हिरवी जाळी लावा, रस्त्यावर टँकरने पाणी मारा, तयार काँक्रीटच्या (आरएमसी) प्लांटना दंड करा. हे सगळं हवंच. त्याने खोकला कमी होईल. कार्बन डायऑक्साइडला मात्र ना रंग, ना वास.

‘मग तो गाड्यांतूनच येत असणार!’ येतो, पण सगळा नाही. मुलुंड चेकनाक्यापलीकडचा हिशेब बघा. मुंबईने मार्च 2022 मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यासाठी 2019 सालचं उत्सर्जन मोजलं, ते भरलं सुमारे 2 कोटी 34 लाख टन. त्यात वाहतुकीचा वाटा 20 टक्के, कचऱ्याचा 8. बाकीचे सुमारे 72 टक्के घरं, दुकानं, कारखाने यांच्या ऊर्जेचे, त्यातही मुख्यतः विजेचे. घोडबंदरचे आकडे हुबेहूब हेच नसतील, पण तीस-तीस मजल्यांच्या लिफ्टा, पंप आणि एसी इथेही आहेतच. एसी कासारवडवलीत चालतो, त्यासाठीचा कोळसा चंद्रपूर-कोराडीच्या वीजकेंद्रांत जळतो.

म्हणून मेट्रो आणि ठाणे पालिकेच्या टीएमटीच्या इलेक्ट्रिक बसगाड्या निरुपयोगी ठरत नाहीत. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एकट्याने मोटार काढून रोज ठाणे स्टेशन गाठणाऱ्यापेक्षा भरलेली बस, कोळशाच्या विजेवर चालली तरी, माणशी कितीतरी स्वच्छ.

‘झाडं लावली की भरपाई होते’ हा तर सर्वांचा लाडका समज. पूर्ण वाढलेलं झाड वर्षाला ढोबळमानाने 20 किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं. एक किलोवॅटचं सोलर वर्षाला साधारण 1,400 युनिट वीज देतं. ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो उत्सर्जन धरलं तर जवळजवळ एक टन वाचतो, म्हणजे पन्नास झाडांचं काम. ठाण्याला लागून असलेलं येऊरचं जंगल राखायचं ते बिबट्यासाठी, पाण्यासाठी, गारव्यासाठी. त्याला कार्बनच्या वहीत मांडणं मला तरी पटत नाही.

‘आमच्याकडे सोलर आहे की!’ सोसायटीचे कमिटीवाले हमखास सांगतात. गच्चीवर जाऊन बघावं तर गंजलेला वॉटर हीटर. तो पाणी तापवतो, लिफ्ट ओढत नाही. टॉवरच्या गच्चीवर सोलर पॅनेल लावून सगळ्या फ्लॅटपुरती वीज निघणार नाही, हा आक्षेप खरा आहे. पण लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे चालवणाऱ्या कॉमन मीटरचा बराच भार ती उचलू शकते. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान ठेवलेलं आहे.

कचऱ्याकडे आपण दुर्गंधी म्हणून बघतो. कल्याणकरांना आधारवाडीच्या कचऱ्याच्या डोंगराला लागणाऱ्या आगी आठवत असतील. दाबून ठेवलेला ओला कचरा कुजतो तेव्हा मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो.

आणि ‘ठाण्याचा आराखडा आला ना?’ 2024 मध्ये आला तो उष्णतेचा कृती आराखडा. तो उन्हाळा सोसण्यासाठी, म्हणजे सावली, पाणी, दवाखान्यांची तयारी यासाठी. उत्सर्जन घटवणं हे वेगळं काम आहे. मुंबईने त्यासाठी 2030 पर्यंत 30 टक्के घट आणि 2050 ला नेट झिरो असं ठरवलंय. नेट झिरो म्हणजे दिवे बंद नव्हेत. जेवढं सोडू तेवढं शोषलं जावं, इतकाच अर्थ.

सप्टेंबरअखेर सोसायटीची वार्षिक सभा असेल. त्याआधी कॉमन मीटरचं वर्षभराचं बिल मागून घ्या, युनिटांना 0.7 ने गुणा आणि तो आकडा सभेपुढे ठेवा.