हळदीचा डाग, ऊन आणि दातांच्या तारा

किन्हवलीच्या एका शाळेत आम्ही सूक्ष्मदर्शकाचा तास घेत होतो. तास संपल्यावर नववीतल्या एका मुलीने तोंडावर हात धरूनच विचारले, "सर, उजेडाने दातांवरची घाण जाते का?" तिच्या दातांना तारा होत्या. त्या घट्ट करायला ती महिन्यातून एकदा एस.टी.ने शहापूर आणि आसनगावहून लोकलने ठाण्याला जाते. मोठ्या बहिणीच्या तारा निघाल्या तेव्हा दातांवर पांढरट चौकटी उरल्या होत्या. हिला तीच धास्ती होती.

या चौकटी येतात कुठून? तार अडकवण्यासाठी दातावर जो छोटा तुकडा चिकटवतात त्याला ब्रॅकेट म्हणतात. त्याच्या कडेला आणि तारेखाली ब्रशचे केस नीट पोचत नाहीत. तिथे जीवाणू चिकट थर करून राहतात. हाच प्लाक. आपण गोड खाल्ले की ते साखरेपासून आम्ल तयार करतात. थराखालचा सामू साधारण 5.5 च्या खाली उतरला की एनॅमलमधले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागते. ब्रॅकेटखालचा भाग झाकलेला असल्याने शाबूत राहतो, भोवतालचा पांढरट पडतो.

आता उजेडाकडे वळू. हळदीचा डाग साबणाने निघत नाही, पण कपडा उन्हात टाकला की फिका होतो, हे घरोघरी ठाऊक आहे. हळदीतले कुर्कुमिन निळा-जांभळा प्रकाश शोषते, म्हणून तर ते पिवळे दिसते. शोषलेल्या ऊर्जेने त्याचा रेणू हळूहळू मोडतो. पण मोडण्यापूर्वी तो त्यातली काही ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देऊ शकतो. असा उत्तेजित ऑक्सिजन (शास्त्रीय नाव सिंगलेट ऑक्सिजन) भलताच तापट असतो. पाण्यात तो सेकंदाचा एक लक्षांश भागही टिकत नाही, पण तेवढ्यात हाताशी येईल त्या प्रथिनावर आणि पेशीपटलावर तुटून पडतो. म्हणजे रंगद्रव्य, योग्य रंगाचा प्रकाश आणि ऑक्सिजन हे तिघे एकत्र आले तरच मारा होतो, आणि तोही रंगद्रव्याच्या अगदी लगतच. जीवाणूंना याच्याविरुद्ध प्रतिकार उभारणे अवघड जाते, कारण मारा एकाच जागी नसतो.

ही गोष्ट नवी नाही. म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला दिसले की ॲक्रिडीन या रंगद्रव्यातले पॅरामेशियम उजेडात झटपट मरतात, अंधारात तग धरतात. त्याचे निष्कर्ष 1900 साली प्रसिद्ध झाले. आपण पेशी रंगवायला वापरतो ते मेथिलीन ब्लूही याच कामाचे आहे. त्याला सुमारे 660 नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश लागतो. कुर्कुमिनला मात्र निळा दिवा चालतो, आणि गंमत म्हणजे ब्रॅकेटचा चिकटा घट्ट करायला दंतवैद्य निळाच दिवा वापरतात.

मग अडते कुठे? जीवाणू परीक्षानळीत सुटे असतात तेव्हा ही युक्ती उत्तम चालते. दातावर ते थरात दडलेले असतात. रंगद्रव्य तळापर्यंत झिरपत नाही आणि ब्रॅकेटची सावली पडते तिथे प्रकाशही पोचत नाही. शिवाय जे मेले त्यांची जागा लाळेतले इतर जीवाणू लवकरच घेतात. ब्राझीलमध्ये तारा लावलेल्या मुलांवर कुर्कुमिन आणि निळ्या प्रकाशाच्या चाचण्या झाल्या आहेत. फायदा दिसला, पण बराचसा तात्पुरता. रंगद्रव्य, दिवा आणि वेळ यांची प्रमाणेही चाचणीगणिक वेगळी आहेत. आमच्या मते हा ब्रशला जोड देणारा उपाय आहे, ब्रशऐवजीचा नव्हे. महिन्यातून एकदा दवाखाना गाठणाऱ्या मुलीचा भार तो उचलू शकणार नाही.

तिला आम्ही सांगितले ते अगदी साधे होते. फ्लोराइड असलेली पेस्ट वापर, ब्रश तिरपा धरून ब्रॅकेटच्या वरून आणि खालून फिरव, तारेखाली जायला छोटा निमुळता ब्रश घे, आणि फ्लोराइडचा लेप लावता येईल का ते पुढच्या खेपेस डॉक्टरांना विचार.

"मग हळद लावून उन्हात बसले तर?" तिने विचारलेच. हळदीच्या पुडीत कुर्कुमिन शेकडा तीनच्या आसपास, तेही पाण्यात जेमतेम विरघळणारे; आणि तोंड उघडून कितीही वेळ उन्हात बसले तरी मागच्या दातांवर ऊन पडत नाही. ती हसली, आणि या वेळी तोंडावर हात धरायला विसरली.