न हटणारी कंबरदुखी आणि प्रोस्टेट ग्रंथी

घरातल्या वडीलधाऱ्यांची कंबर धरली की तेल-मालिश, शेक आणि दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या सुरू होतात. ‘आता वयच झालं,’ असे म्हणून विषय संपतो. बहुतेकदा ते दुखणे मणक्यांच्या झिजेचेच असते. पण रात्री झोपमोड करणारी, आठवडे उलटले तरी न हटणारी कंबरदुखी कधी कधी प्रोस्टेटच्या कर्करोगाची खूण असते.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी असणारी, पुरुषांमधील अक्रोडाएवढी ग्रंथी. तिचा कर्करोग पसरला तर बहुधा मणके, कटीची हाडे आणि बरगड्या गाठतो. अनेक कर्करोग हाड पोखरतात. हा मात्र मुख्यतः नवे हाड वाढवतो. एक्स-रेमध्ये तो भाग जास्त पांढरा दिसतो. मात्र हे हाड वेडेवाकडे वाढलेले, म्हणून कमजोर असते.

असे का होते? १९६५ मध्ये अमेरिकेतील डॉ. मार्शल उरिस्ट यांनी क्षार काढून टाकलेले हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवले, तर तेथे नवे हाड तयार झाले! ही किमया करणाऱ्या प्रथिनांना ‘बीएमपी’ म्हणतात. यांतील काही प्रथिने प्रोस्टेटच्या पेशीही बनवतात. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा त्यांच्यावर अंमल चालतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले. हाडांत पसरलेल्या कर्करोगात ‘बीएमपी-६’ हे प्रथिन आढळले आहे. अर्थात, हाड वाढवणारे इतरही घटक या रोगात असतात.

संप्रेरक रोखले की हा रोग आटोक्यात येतो, हे शिकागोच्या डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. त्याबद्दल १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजही वृषणे काढण्याची शस्त्रक्रिया किंवा इंजेक्शने हा पसरलेल्या रोगावरील उपचारांचा पाया आहे. त्याने अनेकांचे दुखणे लक्षणीय कमी होते. मात्र पुढे बऱ्याच रुग्णांत रोग पुन्हा डोके वर काढतो. तेव्हा इतर औषधे लागतात. या उपचाराने निरोगी हाडेही विरळ होतात. म्हणून चालण्याचा व्यायाम करावा आणि कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारावे.

पन्नाशीनंतर कंबरदुखी हटत नसेल, लघवीची धार बारीक झाली असेल किंवा लघवीतून रक्त जात असेल, तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा. ते तपासून गरजेप्रमाणे रक्ताची ‘पीएसए’ चाचणी करतील. कंबरदुखीबरोबर पायांतली शक्ती गेली, पाय बधिर झाले किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जू दाबला गेल्याची शंका घ्यावी. अशा वेळी सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा. वेळेवर उपचार झाले, तर चालते पाय वाचू शकतात.