नाव राडा, काम सांधायचं

मेंदूला जबर मार बसला की मेलेल्या पेशींच्या जागी पोकळी पडते, भोवती व्रणाची भिंत उभी राहते. नव्या तंतूंना पुढे सरकायला आधारच उरत नाही. २००६ मध्ये एमआयटी आणि हाँगकाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी हॅमस्टरच्या मेंदूतली दृष्टीची वाट कापली नि जखमेत ‘राडा-१६’ हे पेप्टाइड सोडलं. (मराठी कानांना नाव भांडखोर वाटेल!) १६ अमिनो आम्लांची साखळी. द्रावण पाण्यासारखं पातळ, पण शरीरातल्या क्षारांशी गाठ पडताच नॅनोतंतूंची जाळी विणली जाते. तिच्या आधाराने मज्जातंतू पलीकडे पोचले. दृष्टी गेलेले बहुतेक हॅमस्टर समोरच्या वस्तूकडे पुन्हा मान वळवू लागले. माणसांत मात्र हाच पदार्थ आज एंडोस्कोपीतला रक्तस्राव थांबवायला वापरतात.