अंध मासे, डोळस पिल्लं

दोन मासे घ्या. दोघेही जन्मापासून अंध. दोघांचे आई-वडील, आजी-आजोबा आणि त्यांच्याही मागच्या हजारो पिढ्या अंधच. आता या दोघांची पिल्लं कशी असतील? कुणीही सांगेल, अंधच. अमेरिकेतील न्यूयॉर्क विद्यापीठाचे संशोधक रिचर्ड बोरोव्स्की यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचं उत्तर मात्र वेगळं निघालं. अशा जोड्यांच्या काही पिल्लांना चक्क दिसत होतं! त्यांच्याभोवती काळे-पांढरे पट्टे फिरवले, की त्यांची नजर पट्ट्यांमागे फिरायची.

यात चमत्कार काही नाही. पण तो उलगडण्यासाठी मेक्सिकोत जावं लागेल. तिथल्या ईशान्य भागातील चुनखडीच्या डोंगरांत सुमारे तीस गुहांमध्ये हा मासा राहतो. शास्त्रीय नाव ‘अस्टिॲनॅक्स मेक्सिकॅनस’. लांबी बोटाएवढी, अंग फिकट गुलाबी आणि डोळ्यांच्या जागी नुसती कातडी. गंमत म्हणजे याच जातीचा मासा बाहेरच्या नद्यांमध्येही आहे. तो चंदेरी आहे आणि त्याचे डोळे चांगले टपोरे आहेत. नदीतले काही मासे कधीतरी गुहांत शिरले, तिथेच वाढले आणि पिढ्यान्‌पिढ्या गेल्यावर त्यांची दृष्टी गेली. हे वेगवेगळ्या गुहांत स्वतंत्रपणे घडलं. त्यामुळे एका गुहेतल्या माशांत दृष्टीसाठी लागणारी काही जनुकं बिघडली, तर दुसऱ्या गुहेत वेगळीच. पिल्लाला आईकडून जे जनुक बिघडलेलं मिळालं, ते वडिलांकडून शाबूत मिळालं आणि वडिलांकडची उणीव आईने भरून काढली. गुहा एकमेकींपासून जितक्या लांब, तितकी दिसणारी पिल्लं जास्त.

पण मुळात डोळे गेलेच का? या कोड्याने चार्ल्स डार्विनही चक्रावला होता. 1859 च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये त्याने गुहेतल्या अंध प्राण्यांचा विचार केला आहे. अंधारात डोळे निरुपयोगी असतील, पण ते अपायकारक कसे ठरतील, हे त्याला कळेना. म्हणून त्याने सगळा दोष न वापरण्याला दिला. वापर नाही म्हणून अवयव झिजला, एवढंच.

आज आपल्याला ठाऊक आहे, की डोळे फुकट मिळत नाहीत. दृष्टिपटल आणि दृश्याचा अर्थ लावणारा मेंदूचा भाग या दोन्हींना सतत ऊर्जा लागते. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये याच माशांत हा खर्च मोजला. शरीर स्वस्थ असताना जी ऊर्जा खर्च होते, तिच्यातली सुमारे 15 टक्के छोट्या माशांत एकट्या दृष्टीवर जाते. मोठ्या माशांत हे प्रमाण 5 टक्क्यांवर येतं. गुहेत सूर्यप्रकाश नाही, म्हणून वनस्पती नाहीत. पावसाळ्यात पुराबरोबर वाहून येईल ते आणि वटवाघळांची विष्ठा, एवढ्यावर वर्ष काढायचं. अशा घरात, ज्याचा काही उपयोग नाही त्यावर एवढा खर्च कोण करील?

नवल पुढेच आहे. गुहेतल्या माशाच्या भ्रूणात डोळा तयार व्हायला लागतो. मग त्यातल्या भिंगाच्या पेशी आपणहून मरू लागतात आणि सगळा डोळा खुरटत आत जातो. नदीतल्या माशाच्या भ्रूणातलं भिंग गुहेतल्या माशाच्या भ्रूणात बसवलं, तर तिथे डोळा वाढतो, हे 2000 साली सिद्ध झालं. शिवाय, डोळा आक्रसण्यास कारणीभूत असलेला एक रासायनिक संदेश याच माशाचा जबडा आणि चवीच्या कळ्या वाढवतो. पाण्यातली बारीकशी हालचाल टिपणाऱ्या अंगावरच्या पेशीही त्याच्याकडे जास्त आहेत. म्हणून मत्स्यालयात हा मासा काचेवर न आपटता सफाईने फिरतो. पाहणारे तिथे खिळून राहतात, ते त्यामुळेच.

इथवर गोष्ट डोळ्यांची झाली. डॉक्टरांना या माशात रस आहे तो त्याच्या रक्तातल्या साखरेमुळे. 2018 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनानुसार गुहेतल्या काही माशांचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. त्यांच्या रक्तातली साखर मोठ्या प्रमाणात वरखाली होते, अंगावर चरबीही भरपूर चढते. इन्सुलिनचा संदेश पेशीपर्यंत पोचवणाऱ्या त्यांच्या एका जनुकात बदल झाला आहे. तसाच बदल माणसात झाला, तर गंभीर आजार होतो. हे मासे मात्र ठणठणीत राहतात आणि नदीतल्या भाईबंदांइतकंच जगतात.

माणसाच्या शरीरात जास्तीची साखर प्रथिनांना चिकटते. या चिकटलेल्या साखरेचा मधुमेहींच्या रक्तवाहिन्या, मूत्रपिंडं आणि दृष्टिपटल खराब होण्यात मोठा हात असतो. माशांच्या रक्तात अशी साखर चिकटलेली प्रथिनं साठलेली आढळली नाहीत. ती का साठत नाहीत, हाच आता संशोधकांपुढचा प्रश्न आहे. अर्थात, यावरून कुणी स्वतःची गोळी बंद करू नये. मासा पिढ्यान्‌पिढ्या या स्थितीशी जुळवून घेत आला आहे, आपण नाही. पण मधुमेहाने ज्यांची दृष्टी अधू होते, त्यांच्यासाठी उद्याचं औषध शोधायला एका अंध माशाचा उपयोग व्हावा, हा योगायोग विलक्षण आहे.

काटकसरीचा कळस पाहायचा, तर युरोपात स्लोव्हेनिया आणि बोस्नियाच्या आसपासच्या गुहांत जावं लागतं. तिथे ‘ओल्म’ हा बेडकाच्या दूरच्या नात्यातला, वीतभर लांबीचा अंध उभयचर आहे. पुराच्या पाण्याबरोबर तो बाहेर यायचा, तेव्हा जुन्या काळी लोकांना ते ड्रॅगनचं पिल्लू वाटे. तो अन्नावाचून कित्येक वर्षं तग धरतो आणि शंभर वर्षं जगू शकतो असा अंदाज आहे. बोस्नियातल्या एका गुहेत नोंद ठेवलेला एक ओल्म 2,569 दिवस, म्हणजे तब्बल सात वर्षं, एकाच जागी आढळला.

असे जीव आपल्या देशातही आहेत. मेघालयात जयंतिया टेकड्यांतील एका गुहेत 2019 मध्ये फूटभराहून लांब मासा सापडला. जमिनीखाली राहणाऱ्या माशांत जगात इतका मोठा दुसरा माहीत नाही. केरळमध्ये कोकणासारख्याच जांभ्या खडकाखालच्या पाण्यात लालभडक रंगाचे, जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचे डोळे नसलेले मासे राहतात. ते माणसाला दिसतात ते विहिरीतून काढलेल्या पोहऱ्यात नाहीतर घरातल्या नळाखाली. गावोगावच्या लोकांनी असे मासे संशोधकांपर्यंत पोचवले आणि त्यातून 2023 मध्ये एक नवी जात जाहीर झाली. तिचं नाव ‘होराग्लॅनिस पोपुली’, म्हणजे लोकांचा मासा.

या माशांचं घर आणि आपलं पिण्याचं पाणी एकच आहे. खडकातलं पाणी आटलं किंवा नासलं, तर नदीतल्या माशासारखं त्यांना दुसरीकडे पोहून जाता येत नाही. कमीत कमी खर्चात कसं जगायचं, हे त्यांनी हजारो पिढ्यांत साधलं. पाण्याशिवाय कसं जगायचं, हे मात्र त्यांनाही साधणार नाही आणि आपल्यालाही. म्हणून पोहऱ्यात कधी असा लाल ठिपका वळवळताना दिसला, तर पाणी ओतून देण्याआधी जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना जरूर कळवा.