शल्यकौशल्याचे मोल कोणी मोजायचे?

नाशिक रोडच्या मुद्रणालयांत, रेल्वेत आणि शाळांत उभी हयात काढून निवृत्त झालेल्यांना गुडघेदुखी नवी नाही. शस्त्रक्रियेची वेळ आली की पहिली चौकशी होते ती खर्चाची. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्रास वापरला जाणारा, सरासरी दीड लाखाच्या वर विकला जाणारा सांधा करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपयांवर आला. सांध्याचे मोल असे ठरविता आले; तो बसविणाऱ्या हाताच्या सरावाचे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

अर्ध्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत हा प्रश्न विशेष निकडीचा ठरतो. गुडघ्याची एकच बाजू झिजली असेल तर तेवढीच बदलावी, हा या शस्त्रक्रियेमागील विचार. त्यासाठी वापरला जाणारा 'ऑक्सफर्ड' सांधा गुडफेलो आणि ओ'कॉनर यांनी १९७६ साली प्रथम वापरात आणला. यात निरोगी भाग आणि अस्थिबंध शाबूत राहतात, रुग्ण लवकर हिंडूफिरू लागतो. ब्रिटनमधील नोंदींवर आधारलेल्या २०१४ च्या अभ्यासात हृदयविकाराचा झटका व मृत्यू यांचे प्रमाण या रुग्णांत कमी आढळले; पण पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण मात्र अधिक. छेद लहान, अस्थिबंधांचा ताण नेमका साधावयाचा आणि मुख्य म्हणजे रुग्णाची निवड अचूक करावयाची. ही विद्या केवळ पुस्तकातून येत नाही.

अर्थशास्त्राला हे अपरिचित नाही. विमानांचे उत्पादन दुप्पट झाले की प्रत्येक विमानामागील श्रम सुमारे एक पंचमांशाने घटतात, असे टी. पी. राइट यांनी १९३६ साली दाखविले. केनेथ ॲरो यांनी १९६२ साली त्याला सिद्धान्ताचे रूप दिले. ओझरच्या विमान कारखान्यातील कामगाराला हे निराळे सांगावयास नको. परंतु कारखान्यात शिकाऊ हाताने बिघडविलेला भाग भंगारात जातो. शल्यगृहात त्याची किंमत रुग्ण मोजतो.

ही किंमत कमी करता येते. आधी अनुभवी शल्यविशारदाला साहाय्य, मग कृत्रिम हाडांवर व मृतदेहावर सराव, त्यानंतर त्याच्या देखरेखीखाली शस्त्रक्रिया, ही पायरी चुकवून चालत नाही. त्यापुढेही सातत्य हवेच. वर्षाला २३ हून कमी ऑक्सफर्ड सांधे बसविणाऱ्या रुग्णालयांत अपयश अधिक, असे स्वीडनमधील २००१ च्या अभ्यासात दिसले. ब्रिटनमध्येही, आपल्या गुडघेरोपणांपैकी निदान पाचवा हिस्सा अर्ध्या गुडघ्याचा असणाऱ्यांचे निकाल सरस ठरले.

यावर आक्षेप येईल, की मग नव्या शल्यविशारदाने शिकावे कोठे, आणि रुग्णाने दर वेळी मुंबई-पुणे गाठावे काय? तसे मुळीच नाही. पाच जणांनी वर्षाला चार-चार शस्त्रक्रिया केल्या तर हात कोणाचाच बसत नाही. त्याच वीस एकाने केल्या तर एक तरी जाणकार घडतो, आणि दुसरा त्याच्या शेजारी उभा राहून शिकतो. तेव्हा गावातील शल्यविशारदांनीच हे काम एक-दोघांकडे सोपविण्याचा समंजसपणा दाखवावा. १९९८ पासून नाशिकमध्ये असलेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने देखरेखीखालील शस्त्रक्रियांची किमान संख्या प्रशिक्षणाशी निगडित करावी. प्रत्येक सांध्याची व त्याच्या पुढील वाटचालीची नोंद सक्तीची व्हावी.

तोवर रुग्णाच्या हाती एक प्रश्न उरतो: "डॉक्टरसाहेब, गेल्या वर्षी आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्यात?" हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. खरा जाणकार त्याने दुखावणार नाही.